ह-क-क आणि मलकपेठचे घर

मी, नामदेवराव हणमंतराव औरादकर, वय अठ्ठ्याहत्तर, महसूल खात्यातील निवृत्त भाषांतरकार, राहणार मलकपेठ, हैदराबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. कोणाचे दडपण नाही. वकील केतकी साठ्ये यांनी इंग्रजीत करू असे सुचवले होते. मी मराठीचा हट्ट धरला, कारण माझी धाकटी बहीण भामा हिला मराठीच वाचता येते.

१. यापूर्वी रागाच्या भरात केलेली माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

२. माझ्या टेबलाच्या खणांत दोनशे बारा कार्डे आहेत. सगळी एकाच अरबी धातूची, म्हणजे शब्दांच्या मुळाची: ह-क-क. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका जुन्या उर्दू जमीनपत्रात ‘मुस्तहिक’ हा शब्द आला. मी अरबी कोशात तो ‘म’खाली शोधत बसलो आणि अख्खी दुपार घालवली. आमचे वरिष्ठ मुक्तदिर साहेब हसून म्हणाले, “औरादकर साब, लफ्ज का कपडा नक्को देखो, हड्डी देखो. हड्ड्यां तीनइच रहते.” म, स, त बाजूला काढले आणि ह-क-क उरले, कारण अरबीत शेवटचा क दुहेरी आहे. त्याखाली शब्द सापडला. तेव्हापासून मला हे वेड लागले ते लागलेच.

जे खरे आणि ज्याचे त्याला मिळायला हवे, तो हक्क. खरी घडलेली ती हकीगत. खरे काय ते खणून काढणे म्हणजे तहकीकात. जो पात्र तो मुस्तहिक. आपले नाहक आणि हकनाकही याच कुळातले. तीन वर्षे पुरी झालेल्या उंटाला अरबीत ‘हिक्क’ म्हणतात, कारण आता त्याच्यावर ओझे लादण्याचा हक्क आला. उंटाला कोणी विचारलेले दिसत नाही. छोट्या डबीला ‘हुक्का’, आणि ओढायचा हुक्का तिच्यावरूनच. ज्या दिवशी सगळे खरे होऊन समोर उभे राहील, तो शेवटचा दिवस ‘हाक्का’. एका मुळात उंट, डबी आणि कयामत कशी मावतात, हे मला अजून पुरते उलगडलेले नाही. कोणाला उलगडले तर फार बरे होईल.

ही कार्डे माझा मुलगा कुलदीप याला द्यावीत. तो कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, पण मराठी अक्षरे लावून वाचतो. रोज एक वाचले तर सात महिन्यांत संपतील. ही अट नाही, विनंती आहे.

३. दिलसुखनगरचे प्रतापराव यांनी २००३ साली माझ्या कोशाचा दुसरा खंड नेला तो आणलाच नाही. वर भर सभेत हक्काचा आणि हुक्क्याचा काडीचा संबंध नाही असे ठोकून दिले. त्यांना जुमेरात बाजारातून घेतलेला माझा पितळी हुक्का द्यावा. खंड परत मागू नये. त्याची गरज त्यांना जास्त आहे.

४. आता घर. हे घर वडिलांनी १९६१ साली घेतले आणि ते १९८४ साली मृत्युपत्र न करता वारले. वारस आम्ही दोघेच, म्हणून कायद्याने निम्मे घर भामाचे होते. १९८६ साली मी हक्कसोडपत्र तयार करवले. बहिणी हक्क सोडतातच, माहेर टिकते, असे तेव्हा सगळेच म्हणत. मी भामाला तेवढेही सांगितले नाही. घरपट्टीला नाव लावायचा कागद आहे म्हणालो. कागद इंग्रजीत होता. ती शिलाई मशीनवरून उठून आली, “तू वाचलास ना दादा? मग झालं,” म्हणाली आणि सही करून परत मशीनवर बसली.

माझ्या दोनशे बारा कार्डांत ‘हक्कसोड’ नाही. शब्द माहीत नव्हता असे नाही. दर भाऊबीजेला ती ओवाळते तेव्हा मी ताटाकडे पाहतो. मला लाज वाटते. ती अंबरपेठेत दोन भाड्याच्या खोल्यांत राहते आणि अजून ब्लाउज शिवते.

म्हणून माझ्या पश्चात घराचा तळमजला भामाला आणि वरचा मजला कुलदीपला मिळावा. कुलदीपला हे आवडलेले नाही. बिल्डरला अख्खे घर हवे आहे, क्लासच्या पोरांसाठी हॉस्टेल बांधायला. कुलदीप सध्या माझ्याशी नीट बोलत नाही. बोलेल.

५. कलम चारची दुरुस्ती. कुलदीपला सांगितले होते, पण भामाला न कळवता हा कागद माझ्या मरणापर्यंत कपाटात ठेवायचा माझा बेत होता. केतकीबाई म्हणाल्या, “काका, तेव्हा न सांगता घेतलंत, आता न सांगता देताय. त्यांना विचारलंच नाही कधी.” मला राग आला. दोन दिवसांनी मी भामाला बोलावले आणि कागद तिच्या हातात दिला.

तिने ओळीखाली बोट ठेवून वाचले. कलम चारवर थांबली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पहिल्यापासून वाचले.

“एकोणचाळीस वर्षं दुसऱ्याच्या घरात काढली मी, दादा.”

मी माफी मागितली. रडलो. ती रडली नाही.

“ते बघू नंतर,” ती म्हणाली. “पण मेल्यावर कायको? मी चौऱ्याहत्तरची. आधी कोण जातंय काय की! द्यायचं तर आत्ता दे.”

दि. १४ नोव्हेंबर २०२५ रोजी तळमजला बक्षीसपत्राने भामाच्या नावे नोंदवून दिला आहे. त्यामुळे कलम चारमधील तळमजल्याची तरतूद रद्द. या मृत्युपत्रान्वये तिला आता काहीच मिळत नाही. जिला काही मिळत नाही ती साक्षीदार होऊ शकते, असे केतकीबाईंनी सांगितले, म्हणून मी तिला विचारले. हो म्हणायला तिने चार दिवस घेतले. तिने मला माफ केले आहे असा अर्थ कोणी काढू नये. तसे ती म्हणालेली नाही.

हे सर्व मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचले आणि त्यांच्यासमोरच सही केली.

ठिकाण: मलकपेठ, हैदराबाद
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५

नामदेवराव हणमंतराव औरादकर

साक्षीदार पहिल्या: केतकी साठ्ये, वकील

साक्षीदार दुसऱ्या: भामा शंकरराव मुदखेडे, राहणार तळमजला, मलकपेठ. दादाने वाचलं तरी मी परत वाचलं. मग सही केली.