शोभाच्या मापाचा ओटा

६ फेब्रुवारी १९९४, रविवार. पाथर्डी.
गॅसचा नंबर लागला एकदाचा. शेगडी सिलिंडरपेक्षा उंच हवी, म्हणजे ओटा आला. सौ. म्हणते कडाप्पा आणा, गवंडी बोलवा. मी चोवीस वर्षं एस.टी.त फिटर. विटांचे दोन खांब आणि वर काँक्रीट, एवढं मला जमू नये? शिवाय गवंडी सगळ्या बायांना एकाच उंचीच्या समजतो. स्वतःच करणार.

८ फेब्रु.
आमची शोभा आली सासरहून, राहात्याहून. एकटी, एक पिशवी घेऊन. लग्नाला तीन वर्षं झाली, अशी न कळवता कधी आली नव्हती. डावं मनगट सुजलंय. "मोरीत पाय घसरला," म्हणाली. सौ.ने हळद लावली. मोरीत पडल्यावर मनगटावर बोटांचे वळ उठत नाहीत. मी काही विचारलं नाही.

१३ फेब्रु., रवि.
खांब झाले. शोभाला भिंतीशी उभं करून माप घेतलं. कोपराच्या खाली चार बोटं, पेन्सिलची खूण. सौ. आली आणि कपाळाला हात लावला. "आवो, माझ्या छातीला लागंल ह्ये! मला काय शिडी देताय का?" पोरगी आईपेक्षा वीतभर उंच. मी म्हणालो, तू दळणाला गेली होतीस. खरं म्हणजे ती परत येईपर्यंत थांबता आलं असतं. मागून सौ. हळूच, "तिच्या मापानं करताय, म्हंजी ठेवून घ्यायचीय व्हय तिला?" खूण मात्र पुसली नाही.

२० फेब्रु., रवि.
ओतला! खाली फळ्या, मधे सळया. खडी जरा जास्त झाली. शोभा एका हाताने घमेलं पुढे सरकवत होती. वरून घोटायला लागलो तर थापीच काढून घेतली. "अण्णा, तुमी इंजिन पुसल्यावानी पुसताय." बारा दिवसांत पहिल्यांदा हसली.

२४ फेब्रु.
ओट्यावर पोतं अंथरून दिवसातून तीनदा पाणी मारते. नळ तिसऱ्या दिवशी येतो, तरी ओट्याला कमी पडू देत नाही. "किती दिवस मारायचं, अण्णा?" चौदा दिवस पुरतात. मी एकवीस सांगितले.

२ मार्च
जावई आले, सोबत त्यांचे काका. काका म्हणाले, "झालं गेलं सोडा." जावयांनी पोतं उचलून ओट्यावर थाप मारली. "लई भक्कम झाला, मामा."
"अजून ओला आहे," मी म्हणालो. दोन तासांत तेवढंच बोललो.
शोभा माझ्याकडे बघत होती. मी पोत्याकडे.
दुपारच्या गाडीने गेली. स्टँडवर खिडकीतून मला म्हणाली, "एकदा म्हनायचं हुतं अण्णा, ऱ्हा म्हनून. मी ऱ्हायले असते." गाडी सुटली. परवाच मी तिचे ब्रेक दुरुस्त करून दिले होते.

५ मार्च
पाणी आता सौ. मारते. बोलत नाही माझ्याशी. बरोबरच आहे.

१३ मार्च, रवि.
एकवीस दिवस झाले. फळ्या काढल्या. कुठे भेग नाही. सौ.ला म्हणालो, खांबाचा वरचा थर काढतो, खाली घेऊ. ती पाट घेऊन आली, त्यावर उभी राहिली आणि चहा टाकला. "ऱ्हाऊ द्या. तिच्याच मापाचा ऱ्हाऊ द्या." मग रडली. मीही रडलो, लपवत नाही.

१४ मार्च
शोभाला पत्र टाकलं. सासरी आधी दुसरंच कोणी फोडेल, तरी टाकलं. 'निघून ये. कायमची ये. अण्णा सांगतात म्हणून ये.' एवढं लिहायला दोन कागद फाडले.

२२ मार्च
उत्तर नाही. मिळालं की नाही, तेही कळायला मार्ग नाही. रजा टाकली. सकाळच्या गाडीने राहात्याला निघतोय. जावयासमोर जे बोलायचं ते दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा अर्ध्यावर अडकलो. येईल का ती आता? सौ. पाटावर उभी राहून भाकऱ्या भाजतेय. दोन फडकी काढून ठेवलीत तिने. एकात जातानाची माझ्या एकट्याची, दुसऱ्यात येतानाची दोघांची.