मेपलखालचा हेन्री टोलमन

१२ एप्रिल, शनिवार
लायब्ररीत जुने पेपर चाळताना हेन्री टोलमन सापडला. १८८०च्या सुमाराचा ओहायोतला क्रिकेटर. आठवडाभर घोड्यांची खोगिरं शिवायचा आणि शनिवारी, इथे ओहायोतल्याच डब्लिनमध्ये आम्ही खेळतो त्याच मैदानावर खेळायचा. जगाने विसरलेला महान खेळाडू. चरित्र मी लिहिणार. दिवाळीपर्यंत पुस्तक. शिवाय या सीझनला ओपनिंग मीच करणार.

१९ एप्रिल
त्याचे स्कोअर मिळाले. शून्य, चार, शून्य, एक. त्या काळी पिच वाईट असायची. रेणू म्हणाली, पिच सगळ्यांना तीच होती ना? बायको डेटा अ‍ॅनालिस्ट आहे, पण हा डेटा वेगळा.

१० मे
पहिली मॅच. शून्य. पिच वाईट. फील्डिंगला असताना बाउंड्रीवरच्या मेपलच्या झाडाखाली एक माणूस दिसला. कॉलर नसलेला पांढरा शर्ट, वर चामड्याचा एप्रन. कॅप्टन केदारला विचारलं, तो कोण? तो म्हणाला, काका, बॉल तुमच्या पायांतून गेला. मी फक्त सत्तेचाळीसचा आहे.

७ जून
तोच माणूस. टोलमनच. माझी बॅटिंग बघायला येतो, उघड आहे. मी हात केला, त्याने केला नाही. ओल्या चामड्याचा वास आला आणि मान गार पडली. मग क्लीन बोल्ड झालो. पुस्तकात ‘आमची ओळख झाली’ एवढंच लिहीन.

१४ जून
ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज, रात्रंदिवस काम. पुस्तक थांबलंय. वास आता गाडीत येतो, बेडरूममध्येही. रेणूला येत नाही. भीती वगैरे अजिबात नाही. घरभर दिवे चालू ठेवतो ते लेकीच्या, सईच्या अभ्यासासाठी. सई कॅम्पला गेली आहे.

१२ जुलै
टोलमनची पणती सापडली. मिसेस बार्लो, ऐंशीच्या पुढच्या. फोनवर पणजोबांबद्दल भरभरून बोलल्या. खोगिरं सुरेख शिवायचे. मुलांवर कधी आवाज चढवला नाही. मी क्रिकेटचं काढलं. क्रिकेट खेळत होते हे घरात कुणालाच माहीत नव्हतं म्हणे.
मग हळूच म्हणाल्या, “चांगले खेळायचे का हो?”
मी म्हणालो, “फारच चांगले.”
फोन ठेवला. वास गेला होता.

२ ऑगस्ट
केदारने मला स्कोअरिंग दिलं. चरित्रकाराला असा अनुभव हवाच. मेपलखाली कोणी नव्हतं. सारखा तिकडेच बघत बसलो, एक विकेट लिहायची राहिली. तो आता येणार नाही, हे मनातून कळलं होतं. इतकं एकटं वाटेल असं वाटलं नव्हतं.
घरी सई कॉलेज अ‍ॅडमिशनच्या अर्जासाठी फॅमिलीवर निबंध लिहीत होती. दर शनिवारी बाबा कुठे जातो, असं तिने विचारलं. मी सांगितलं, क्रिकेटला.
तिने लॅपटॉपवरून मान वर केली. “ओह. यू प्ले?”
मी म्हटलं, स्कोअरिंग करतो.
तिने तसं टाइप केलं.