एकशे तेरावा श्वास

३ सप्टेंबर

तिघांच्या रेकॉर्डिंगच्या सफाईचं काम आज संपलं. व्हायोलिन, चेलो, पियानो – चार भाग, एकतीस मिनिटं. खुर्च्यांची करकर, पानं उलटल्याचे आवाज, चेलोवाल्यांची अंगठी लाकडाला लागलेली, सगळं काढलं. छळलं ते व्हायोलिनवाल्यांनी. प्रत्येक ओळीआधी नाकानं मोठा श्वास. स्टुडिओच्या साहेबांचं म्हणणं, ऐकणाऱ्याला वाद्य ऐकू यावं, माणूस नाही. (मागून आम्ही त्यांना निर्जंतुक म्हणतो.) माझ्या नोंदवहीत एकशे तेरा श्वास आहेत. एकूण एक काढले. जोड कुठे आहे, ते आता मलाही सापडत नाही.

व्हायोलिनवाले ऐकायला नाहीत. रेकॉर्डिंगनंतर तीन आठवड्यांत गेले. पियानोच्या बाई त्यांची थोरली बहीण. त्यांनी न ऐकताच सही केली. म्हणाल्या, “आत्ता मला ऐकवत नाही. तुम्हीच बघा.”

४ सप्टेंबर

मूळ फाइली पुसल्या. सही झाली की पुसायच्या, असा नियम.

७ सप्टेंबर, रविवार

इथे लिहायला काय हरकत आहे, वाचणारं कोण आहे! काढलेले श्वास मी घरी आणते. नऊ वर्षं. खोकले नाही, खुर्च्या नाही – फक्त श्वास. ‘कचरा’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते आणि संध्याकाळी भाजी चिरताना लावते. कुणीतरी आत्ता काहीतरी सुरू करणार आहे, असं वाटत राहतं. घरात माणसं असल्यासारखं.

आज ताईचा फोन आला तेव्हा बंद करायचं राहिलं.

“कोण आलंय गं?”

“कोणी नाही. टीव्ही.”

“टीव्हीला दमा झालाय का तुझ्या?”

हसलो दोघी. दमा आईला होता. शेवटची चार वर्षं ती माझ्याकडे होती, भिंतीपलीकडून तिची घरघर यायची. दिवसभर हेडफोन लावून माझे कान शिणलेले असायचे. एकदा मी म्हटलं, “आई, दार लावून घे ना.” तिनं घेतलं. त्यानंतर रोज न सांगता लावायची.

१५ सप्टेंबर

पियानोच्या बाई न कळवता आल्या. काल धीर करून ऐकलं म्हणे.

“सगळं आहे. तोच नाही.”

साहेबांना कळेना. मलाही. मग बाईंनी खुर्ची फिरवून आमच्याकडे पाठ केली आणि तशाच बोलल्या, “मी अशी बसते. मला तो दिसत नाही. तो श्वास घेणार, मग मी बोट टाकणार. चाळीस वर्षं असंच. आता ऐकलं तर मी एकटीच सुरू करतेय. कशाच्या भरवशावर?”

साहेब म्हणाले, मूळ फाइली आता नाहीत. फार नम्रपणे म्हणाले. पुढच्या सोमवारी सीडी छपाईला जायचीय.

बाई रेनकोट घालायला लागल्या, हात दुसऱ्याच बाहीत. मी बाही धरली. तेव्हा सांगता आलं असतं. सांगितलं नाही. इमारतीबाहेर आवाज न्यायचा नाही, यावर माझी सही आहे. आणि तेवढंच कारण नाही – ते श्वास माझे झालेत.

१६ सप्टेंबर

कामात तीन चुका. ती बाही डोळ्यांसमोरून हलत नाही.

१७ सप्टेंबर

सांगितलं.

साहेब बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसले. “इथलं काही घरी न्यायचं नाही.”

“कचरा होता, साहेब.”

“कचरासुद्धा.” मग म्हणाले, “किती वर्षं?” मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. रागानं नाही. ते जास्त वाईट.

“सोमवारच्या आत परत घाला. आणि घरचं पुसा. सगळं.”

१९ सप्टेंबर

काढण्यापेक्षा घालणं अवघड. केसभर पुढे-मागे झालं तरी श्वास वेगळा पडतो, दारात उभ्या पाहुण्यासारखा. पण बसला की पियानोचा पहिला सूर लगेच त्याच्या हाताला धरून येतो. हे मी काढलं होतं. वर जोड दिसत नाही म्हणून खूश होते!

एकशे बारा झाले. नोंदीत एकशे तेरा. संथ भागाच्या सुरुवातीचा नाही. तिथे खुर्चीची करकर मिसळली होती, म्हणून तेवढाच खरोखर फेकला.

२० सप्टेंबर

व्हायोलिनवाल्यांचाच दुसरा एखादा श्वास लावून बघितला. आखूड. दुसरा घाईचा. तिसरा बरा होता, पण पुढे तोच पुन्हा येतो आणि कळतं. माणूस तोच श्वास दोनदा घेत नाही.

पुन्हा पुन्हा ती जागा ऐकली. विसाव्या वेळी लक्षात आलं – तिथे मीच श्वास घेतेय. दर वेळी.

माइक लावला. घेतला. बसवला. कोणाला सांगितलं नाही.

२१ सप्टेंबर

घरचं पुसलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. भाजी चिरताना सुरीचा आवाज केवढा येतो. आईच्या खोलीचं दार उघडून ठेवलं.

२२ सप्टेंबर

छपाईला जाण्याआधी बाईंना बोलावलं. हात मांडीवर ठेवून बसल्या. पहिल्याच श्वासाला बोटं हलली. डोळे मिटलेले, बोटं मांडीवर वाजवतायत. संथ भाग आला – तिथे बोटं उचललेलीच राहिली. मग खाली आली, जरा उशिरा.

शेवटी “झालं” एवढंच म्हणाल्या. साहेबांशी हात मिळवला. माझ्याशी नाही. मी जिन्यापर्यंत गेले, त्या मागे न बघता उतरल्या.

प्रत छपाईला गेली.

२३ सप्टेंबर

सकाळी बाईंचा फोन. नमस्कार नाही, काही नाही. “संथ भागात तो नाही. कोण आहे?”

“मी,” म्हटलं.

पलीकडून त्यांचा श्वास ऐकू आला.

“राहू दे. पण फार घाईनं घेतेस. गुरुवारी चारला घरी ये. मी वाजवते, तू माझ्या पाठीमागे बस.”