खाली दगड नाही

भूम, डिसेंबर १९५८

प्रिय शामलास आशीर्वाद,

तुझं पत्र पोचलं. मी बरा आहे. माती तपासणीचं काम चालू आहे. इथं वीतभर खणलं की मुरूम, त्याखाली काळा खडक. साहेब सांगतात, हा ज्वालामुखीचा रस. निवून खडक झाला, झिजून माती.

तू विचारलंस, बाळाला ठेवलं तिथं त्याला दगड टोचत असतील का. नाही. अणदूरच्या ओढ्याकाठी पुरुषभर काळी माती आहे. भाऊ कुदळ मागत होते, पण खड्डा मीच खणला. खाली दगड लागला नाही.

मला अजून रडू आलेलं नाही. शिपाई हरिबा भाकरी पुढं ठेवतो, ती खातो.

तुझं दूध आटलं का? दुखत असेल तर आईला सांग, लपवू नकोस.

तुझा,
दिनकर