तपासणी साधन क्र. १ (काका) यांची परतीची नोंद होण्याबाबत

प्रति,
मा. निर्यात परवाना अधिकारी,
निर्यात तपासणी कार्यालय, दुसरा मजला.

विषय: नोंदीप्रमाणे परदेशातच असलेल्या साधनाने इथे तपासलेल्या पाचशे शिड्यांना परवाना मिळण्याबाबत.

संदर्भ: टेबल क्रमांक चारवरून तीन वेळा मिळालेले तोंडी उत्तर.

महोदय,

नमस्कार पोहोचावा, आणि पोहोचल्याची पोच मिळावी.

१. अर्जदाराचे काका गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला परदेशातून सुखरूप घरी आले. परंतु आपल्या कार्यालयाच्या नोंदवहीत ते आलेले नाहीत. अर्जदार नोंदवहीचा मान राखणारा असल्याने, काका आलेच नाहीत असे धरून पुढील मजकूर लिहिला आहे. लिहिताना काका शेजारी बसून सूचना करत होते. त्या विचारात घेतलेल्या नाहीत.

२. अर्जदाराच्या घरचा लाकडी शिड्यांचा कारखाना आहे. वडील लाकूड निवडतात, वहिनी पत्रव्यवहार बघते, अर्जदार फॉर्म भरतो आणि काका शिड्या तपासतात. तपासण्याची रीत अशी, की काका काठोकाठ भरलेला चहाचा कप घेऊन वरच्या पायरीपर्यंत चढतात, तिथे बसून चहा पितात आणि खाली येतात. चहा सांडला नाही तर शिडी पास. सांडला तर ज्याने शिडी केली तो सुतार दिवसभर तोंड लपवून काम करतो. दिवसाला अठरा शिड्या होतात. त्यापुढे काकू चहा देत नाही. आसपासच्या गिऱ्हाइकांना ही रीत तोंडपाठ असल्याने ती कधी कागदावर आली नव्हती. धंदा परदेशी न्यायचा म्हटल्यावर ती लिहून द्यावी लागली, आणि तिथेच माशी शिंकली.

३. परदेशातल्या एक दुकानदारबाई कारखाना बघायला आल्या होत्या. त्यांच्याकडे शिड्या तपासायचे यंत्र आहे. काका दोन शिड्या चढून उतरेपर्यंत त्या मान वर करून उभ्या राहिल्या आणि वहिनीला म्हणाल्या, "आमचं यंत्र नापास करतं, पण का ते सांगत नाही." वहिनी म्हणाली, "आमचं सांगायचं थांबत नाही." उभ्या उभ्या दोनशे शिड्यांची मागणी मिळाली. अट एकच होती. पहिला माल तिकडे उतरल्यावर ह्याच माणसाने, ह्याच रीतीने तो पुन्हा तपासावा, आणि पुढच्या प्रत्येक शिडीसोबत त्याने तपासल्याचा दाखला यावा.

४. आपल्या फॉर्मात दोनच रकाने आहेत: 'पाठवायचा माल' आणि 'मालासोबत तात्पुरती जाणारी साधने'. माणसाला रकाना नाही. काकांना पहिल्या रकान्यात टाकले असते तर त्यांना विकल्यासारखे झाले असते. म्हणून अर्जदाराने त्यांना दुसऱ्यात टाकले: 'तपासणी साधन क्र. १ (काका), नग एक, वजन ८४ किलो, चहावर चालते.' ही चूक अर्जदाराची आहे. वडिलांपुढे तो ती कबूल करत नाही, आपल्यापुढे करतो. शिक्का मात्र आपल्या कार्यालयाचा आहे, आणि चांगला ठळक उमटला आहे.

५. काका विमानाने गेले, अकरा दिवसांत दोनशे शिड्या चढले-उतरले आणि विमानानेच परत आले. विमानतळावर त्यांना विचारले गेले, "जाहीर करण्यासारखं काही आहे का सोबत?" काका म्हणाले, "माझ्याकडे काय असणार, मी साधा माणूस." टेबल क्रमांक चारवरच्या बाईंच्या मते काकांचे नेमके इथेच चुकले. त्या वेळी त्यांनी स्वतःला जाहीर करायला हवे होते. ते न केल्यामुळे माणूस परत आला, साधन तिकडेच राहिले.

६. मध्यंतरी पाचशे शिड्यांची दुसरी मागणी आली. शिड्या तयार आहेत, काकांनी त्या तपासल्याही आहेत. परंतु जे साधन देशात नाही त्याने इथे शिड्या कशा तपासल्या, असा आक्षेप घेऊन परवाना अडवला आहे. जहाज चोवीस तारखेला सुटते. ते हुकले तर मागणी यंत्रवाल्या दुसऱ्या कारखान्याकडे जाईल. ह्या मागणीच्या भरवशावर चार नवे सुतार घेतले आहेत आणि त्यांतल्या एकाने लग्न ठरवले आहे. वडिलांनी पाटीवर 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द रंगवून घेतला. तो मावला नाही म्हणून शेवटची दोन अक्षरे शेजारच्या इस्त्रीवाल्याच्या भिंतीवर गेली, आणि आता तोही स्वतःचा व्यवहार परदेशी असल्याचे सांगतो. शिड्यांचा ढीग स्वयंपाकघरात शिरला आहे. काकूला गॅसपर्यंत पोहोचायला तीन शिड्या चढून उतराव्या लागतात. निदान त्या तीन तरी तपासल्या गेल्या असे धरावे, अशी विनंती करून पाहिली. काकू साधन म्हणून नोंदलेली नाही, असे उत्तर मिळाले.

७. अर्जदाराने काकांना टेबल क्रमांक चारपुढे प्रत्यक्ष उभे केले. बाईंनी नोंदवही बघितली, काकांना बघितले, पुन्हा नोंदवही बघितली. म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही मला दिसताय हो. पण मला दिसून काय उपयोग?" आजोबा म्हटल्याचे काकांना परवान्यापेक्षा जास्त लागले आहे.

८. बाईंनी दोन वाटा सुचवल्या. पहिली, साधन निकामी झाल्याचा दाखला घरच्यांच्या सहीने द्यावा. काकू म्हणाली, "वीस वर्षांपूर्वी मागितला असता तर हसत सही केली असती. आता बाहेरून मागणी आल्यावर कोण देतं?" शिवाय निकामी साधनाच्या दाखल्यावर शिड्या जाणार नाहीतच. दुसरी वाट, साधन नव्याने परदेशी पाठवून रीतसर जाहीर करून परत आणावे. त्याला काका एका पायावर तयार आहेत, बॅगही भरली आहे. पण साधन पाठवायचे तर ते आधी नोंदीप्रमाणे इथे असावे लागते.

९. सबब विनंती, की मूळ साधन परत येईपर्यंत आपण स्वतः पदसिद्ध तपासणी साधन क्र. २ म्हणून नोंद करून घ्यावी. उद्या सकाळपासून कारखान्यात येऊन, दररोज किमान नव्वद शिड्या चढून, प्रत्येकीवर एक कप चहा न सांडता पिऊन दाखल्यांवर सही करावी. साखर किती, ते आधी कळवावे. काकू मग ऐकत नाही. शिडी खालून धरायला घरातला एक वयस्कर माणूस उभा राहील. त्याच्याकडे आपण अधिकृतपणे बघू नये.

आपल्या होकाराच्या आशेवर शिड्या रचून बसलेला,

(सही)
अर्जदार, साधन क्र. १ चा पुतण्या
दिनांक: चालू महिन्याची सतरा

सोबत: मूळ फॉर्मची प्रत; साधनाचा हसरा फोटो; एक रिकामा कप, सरावासाठी.