ज्ञानबांनी माफ केलं, पण कशाबद्दल?

१५ एप्रिल १९७३, रविवार

झावळ्यांचा रविवार. पुढच्या रविवारी, ईस्टरला, प्रभुभोजनात भाकरीचं ताट फिरवण्याचा मान माझा. मंडळीचा पंच म्हणून पहिलीच वेळ. प्याल्यांचा ट्रे शेजारचे ज्ञानबा जॉबर धरणार. मिलमधल्या मुकादमीतून रिटायर झाले, पण मिशन कंपाउंडात अजून जॉबरच आहेत.

पाळकसाहेबांनी जाहीर केलं, ज्यांचं कोणाशी वाकडं असेल त्यांनी आठवड्यात मिटवावं, मगच भोजनाला यावं. बोलताना माझ्याकडे पाहत होते. माझ्यामागे खिडकी आहे, हे खरं. पण खिडकीकडे कोणी इतका वेळ पाहत नाही.

संकल्प : आत्मपरीक्षण. दुपारी जेवणानंतर केलं. काही सापडलं नाही. मग झोप लागली.

१६ एप्रिल, सोमवार

सकाळी नळावर गर्दी. दुष्काळामुळे पाणी येतं घटकाभर. ज्ञानबांनी घागर खाली ठेवली, माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "मास्तर, मी तुमाला माफ केलंय बरं का. मनात काय बी ठिवलं न्हाय." घागर उचलली आणि गेले.

कशाबद्दल? न्यायशास्त्रात कारणावाचून कार्य नाही. क्षमा हे कार्य, तेव्हा अपराध हे कारण कुठेतरी असलंच पाहिजे. म्हणजे माझ्यावरचा आरोप सिद्ध झाला, निकाल लागला, शिक्षाही माफ झाली, आणि आरोपीला पत्ता नाही!

एस्तेरला सांगितलं. ती तांदूळ निवडत म्हणाली, "अहो, फुकट मिळतंय तर घ्या की." हिचा तर्काचा पाया कच्चा. वीस वर्षं शिकवतो आहे.

संध्याकाळी ज्ञानबांना गाठून कारण विचारलं. म्हणाले, "झालं गेलं. आता कशाला उकरताय?" आणि हसले. हसणं संशयास्पद.

१७ एप्रिल, मंगळवार

पाळकसाहेबांकडे गेलो. कारण न सांगता दिलेली क्षमा ग्राह्य कशी धरायची, असा तात्त्विक प्रश्न टाकला. नाव घेतलं नाही. ते म्हणाले, "ज्ञानबांनी माफ केलं ना? मग आभार माना." म्हणजे यांनाही माहीत आहे! वर विचारतात, तुम्हांला पापांची यादी हवी की क्षमा? मी म्हणालो, आधी यादी. त्यांनी चहा मागवला. स्वतःपुरताच.

१८ एप्रिल, बुधवार

उलगडा झाला. भाकरीचं ताट ज्ञानबांच्या मेव्हण्याला हवं होतं. पाळकसाहेबांसकट चारचौघांत "मास्तरांना माफ केलं" म्हटलं की मास्तर अपराधी ठरले. जॉबर माणूस, सुताची गाठ कुठे मारायची हे त्यांना बरोबर ठाऊक.

दुपारी त्यांची मुलगी सुवार्ता शेंगाची चटणी घेऊन आली. "काकूऽऽ" म्हणाली ती पलीकडच्या चाळीतही ऐकू गेली असेल. एकतिशी आली, अजून घरीच. दिवाळीत बार्शीचे पाहुणे तिला बघायला यायचे होते, ते आधी चौकशीला आमच्याकडे आले. कोणाची निंदा करण्याचा माझा स्वभाव नाही. मोजकंच बोललो : मुलगी गुणी आहे, आवाज खडा आहे, पण घराच्या भिंती जाड असल्या तर भागेल. पाहुणे पोट धरून हसले आणि पुढे न जाता स्टँडवर परत गेले. आता त्यांना उशीर झाला असेल, त्याला मी काय करू?

चटणी उत्तम. आमच्याकडे आताच का आली, हा प्रश्न उरतो.

१९ एप्रिल, गुरुवार

नवा मार्ग : नम्रता. प्रार्थनासभेत उभा राहिलो आणि म्हणालो, "प्रभू, या कंपाउंडात माझ्याएवढा पापी कोणी नसेल." कोणीतरी हळहळेल, निदान मान तरी हलवेल, अशी अपेक्षा होती. सगळ्यांनी एकमुखानं आमेन म्हटलं. पुढच्या रांगेतली सिद्धम्मा दोनदा म्हणाली.

२० एप्रिल, उत्तम शुक्रवार

उपदेश क्षमेवर. तीन तास. खिडकी आज बंद होती. तरी पाळकसाहेबांनी पाहिलं.

२१ एप्रिल, शनिवार

ताट हाती घेण्याआधी सोक्षमोक्ष लावायचा, म्हणून ज्ञानबांच्या ओट्यावर गेलो. खुलासे मुद्देसूद तयार होते. म्हणालो, तुमच्या कोंबडीला खडा मारला तो ती माझ्या कोथिंबिरीत शिरली म्हणून. तुमच्या प्रार्थनेत डुलकी लागली, तर प्रार्थनाही लांब होती. आणि बार्शीच्या पाहुण्यांचं म्हणाल, तर मी एवढंच बोललो. आणि भिंतींसकट सगळं वाक्य म्हणून दाखवलं, कमीजास्त होऊ नये म्हणून.

ज्ञानबा म्हणाले, "बार्शीचं काय?"

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला.

ज्ञानबा म्हणाले, "मी नळाचं म्हणत हुतो, मास्तर. तुमी माजी घागर सारून तुमची लावली हुती. त्येच." मग उठून आत गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं; उत्तरं तयार होती.

२२ एप्रिल, ईस्टर

पाय मुरगळल्याचं पाळकसाहेबांना कळवलं. लंगडत जाऊन शेवटच्या बाकावर बसलो. ट्रे धरायला ज्ञानबाही उठले नाहीत. मनात ठेवून तो धरायचा नाही, हा त्यांचा नियम. पाळकसाहेबांनी एकट्यानं दोन खेपा केल्या. ताट माझ्यापर्यंत आलं. मी भाकरी न घेता परत दिलं.

सुवार्ता गायनमंडळात गाते. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ येतो. बाकावर मी एकटाच होतो.

२३ एप्रिल, सोमवार

शुद्ध मराठीत क्षमायाचना तयार केली. दोन उपमा, एक रूपक. सकाळी ज्ञानबांच्या दारात उभा राहिलो तर सगळं गेलं. एवढंच निघालं, "ज्ञानबा, मला माफ करा."

ते म्हणाले, "कशाबद्दल?"

मी म्हणालो, तुम्हांला माहीत आहे. ते म्हणाले, "मला न्हाय. तिला सांगा." मागे सुवार्ता उभी होती, हात पदराला पुसत. समोर नळावर सगळं कंपाउंड.

म्हणालो, पाणी गेलं की येतो. ज्ञानबा म्हणाले, "या की. आमी हितंच हाय."

पाणी केव्हाच गेलं. आता दिवेलागण झाली. मी जाणारच होतो, पण पाय मुरगळलेला. एस्तेर विचारते, डावा की उजवा?