सदरमधून आणलेलं पिस्तूल

मंगळवार, १४ मार्च १९७२

आज पिस्तूल आणलं. परवाना माझ्या नावाचा, पण सदर बाजारातल्या दुकानदारानं ते दिलं यांच्या हातात! तळहाताएवढंच आहे, पर्समध्ये मावतं, गोळ्या आठ. "गोळी चढवायची ही स्लाइड कडक आहे साहेब, बाईंच्यानं नाही ओढल्या जाणार." दोनदा नाहीच ओढली गेली. तिसऱ्यांदा ओढली. अंगठ्याशी सेफ्टीचा खटका आहे, आवाज न करता सरकतो. तो मला आवडला.

मौद्याची ती जळालेली सून मरण्याआधी माझ्याशी जे बोलली, ते परवा कोर्टात सांगायचं आहे. संध्याकाळी तिचा सासरा दवाखान्यात आला. "डॉक्टरीणबाई, काहून आमच्या घरच्या भानगडीत पडून राहिल्या? एकट्या येता-जाता तुम्ही."

पर्स मांडीवरच होती. अंगठा खटक्यावर गेला होता का? गेला होता, खोटं कशाला लिहू. पण पर्स मिटली आणि कंपाउंडरला हाक मारली. "हे आत्ता काय बोलले ते शब्दन् शब्द लिहून घ्या. खाली साक्षीदार म्हणून तुमची सही."

म्हातारा उठला तो अनवाणीच रस्त्यावर गेला. त्याच्या चपला अजून दवाखान्याच्या दारात आहेत.